साडेबावीस आटे

फ्लेक्सवर त्यांनी आडनाव चुकवलं.
हत्तुरेचं हत्तरगे झालं.
खाली अकरा जणांचे फोटो, गॉगलवाले,
आणि वरच्या कोपऱ्यात तू,
ओळखपत्रावरून फुगवलेला,
एक कान दुसऱ्यापेक्षा जरा पुढं.

तो कान आम्हाला माहीत होता, सायबण्णा.
चेंबरात चावी उतरवून
तिच्या मुठीला लावायचास तो,
डांबराखालून उजनीचं पाणी
कुठवर आलं ते ऐकत.
"टाकीपाशीच हाय अजून."
"आता कन्ना चौक ओलांडलालंय."
आम्ही हसायचो.
आणि तेवढ्याच वेळानं नळ आधी खोकायचा,
मग नुसता वारा,
मग पाणी.

पाचव्या दिवशी, रात्री दोन चाळीसला
विजेच्या खांबावर चावीचा एक ठोका.
दुसरा कधी मारला नाहीस.
पहिल्यानं बाया उठतात, म्हणायचास,
दुसऱ्यानं पोरं.
आई मांडीवरचं सूप बाजूला सारायची,
हजाराला सत्तर विड्या कमी असायच्या अजून,
आणि तंबाखूच्या बोटांनी घागर धरायची.
आमच्या घरच्या पाण्याला कितीतरी वर्षं
तो वास होता.
मला वाटायचं, पाण्याचाच असतो.

बुलेटवरून एक जण आला होता एकदा.
लग्नघर होतं, नगरसेवकाचं नाव होतं, पाकीट होतं.
पंधरा मिनिटं जास्त पायजे होती.
तू चावी त्याच्याच हातात दिलीस.
"फिरव की."
सातव्या आट्याला त्याचा शर्ट पाठीला चिकटला.
"साडेपंधरा ऱ्हायले बे," तू म्हणालास
तंबाखू मळत.
पाकीट परत बुलेटवर बसून गेलं.

काही संत नव्हतास तू.
नळाला मोटर लावणाऱ्यांना कानडीत अशा शिव्या द्यायचास
की पलीकडची तेलुगू म्हातारीही लाजायची,
तिला कळायचं नाही तरी.
आणि गड्ड्याच्या जत्रेत एका रात्री
पिऊन कुठं पडलास कोण जाणे,
गल्ली कोरडी राहिली.
सकाळी येऊन ओट्यावर बसलास,
मान खाली,
बायांचं बोलून संपेपर्यंत.
शेवटची माझी आई होती. तिनं चहा दिला.

गेलास तो चौथा दिवस होता. वैशाख.
तुझं घर दुसऱ्या लाइनीवर, दुसऱ्याच्या चावीवर,
आणि घरात एक घागर, तीही अर्धी.
तुझ्या आंघोळीला पाणी पुरेना.
मग आम्हीच इथून नेलं,
रिक्षात, घागरी मांडीत धरून,
प्रत्येक खड्ड्याला लुगड्यावर सांडत.
कुणी हिशेब केला नाही
उद्या स्वयंपाकाला काय.

तुमच्यात बसवून पुरतात.
कपाळाला विभूती लावून उतरवलं तुला,
आणि तू बसलास अगदी तसाच,
मान किंचित कलती,
चेंबरपाशी बसायचास तसा.
आई म्हणाली, ऐकलालाय बघ.

पाचव्या रात्री नवा पोरगा आला, ठेक्यावरचा.
कानात वायर, कुणाशी तरी बोलत, हसत.
खांबावर ठोका पडला नाही.
तरी मी उठले होते.
माझ्यामागं आणखी तीन दारं वाजली.

साहेबांच्या कागदावर बावीसच आटे आहेत.
बाविसात मधल्या गल्लीपर्यंत भागतं.
वरचा अर्धा कुठंच लिहिलेला नाही,
तो आमचा, टोकाच्यांचा,
तू कधी, कुणाला विचारून वाढवलास
तेही कुणाला ठाऊक नाही.

मी पोराच्या शेजारी उभी राहून मोजलं.
बाविसाला त्यानं चावी उपसायला घेतली.
मी तिच्या मुठीवर हात ठेवला.
लोखंड रात्रीच्या तीनलाही गरम होतं.

"थांब बे," म्हटलं.
"अर्धा ऱ्हायलाय."